कुत्र्याची पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करायची असेल तर रक्त कोण काढतंय ते आधी बघा

‘सॅम्पल क्लॉटेड, पुन्हा पाठवा.’ शेरूच्या रिपोर्टवर एवढंच. तेही संध्याकाळी, अख्खा दिवस वाया गेल्यावर. त्या कलेक्शन सेंटरवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

शेरूने उंदीर मारायची ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ली होती. उलटी लगेच करवली, पण या विषाचा परिणाम लगेच दिसत नाही. रक्त गोठवणारे घटक त्याने हळूहळू संपतात. त्यांपैकी सातवा आधी संपतो आणि तो कमी झाला की पीटी वाढते, म्हणून ती ४८ तासांनी करतात. तोवर कुत्रा धडधाकट दिसतो. अशा वेळी एक दिवस हातचा जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी कुत्रा आहे त्यालाच कळेल.

सेंटरवरच्या मुलाने पुढच्या पायाला बारीक सुई टोचली. शीर सापडेना, तर आतल्या आत सुई फिरवत राहिला. रक्त थेंब थेंब आलं. निळ्या झाकणाची ट्यूब जेमतेम अर्धी भरली आणि तशीच खोक्यात गेली. मी विचारलं, खुणेपर्यंत भरायला नको का? म्हणाला, चालतं. चालत नाही! त्या ट्यूबमध्ये सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, मोजून घातलेलं असतं, ९ भाग रक्ताला १ भाग. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ उगाच वाढून येते. सुई आत फिरवली की ऊतींमधला गोठवणारा घटक रक्तात मिसळतो, आणि ट्यूबमध्ये जाण्याआधीच रक्त गोठायला लागतं.

दुसऱ्यांदा आमच्या डॉक्टरांनी स्वतः काढलं. एरवी मानेच्या शिरेतून रक्त भरभर येतं, पण विषाची शंका असताना तिथे रक्तस्राव झाला तर दाबून थांबवणं अवघड. म्हणून मागच्या पायाची शीर, एकाच टोचण्यात. पहिलं थोडं रक्त वेगळ्या सिरिंजमध्ये, मग निळी ट्यूब खुणेपर्यंत, जांभळ्या झाकणाची दुसरी ट्यूब त्यानंतर. निळी ट्यूब जोरात हलवली नाही, हळूच चार-पाचदा उलटीसुलटी केली. मी टोचल्या जागी पाच मिनिटं कापूस दाबून धरला. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) ४ तासांच्या आत वेगळा करायला हवा, तेही त्यांनी लॅबला फोन करून बजावलं.

पीटी ठीक आली. पण रिपोर्टवर नॉर्मल रेंज माणसांची छापलेली! कुत्र्याचं रक्त माणसापेक्षा लवकर गोठतं, त्यामुळे माणसाच्या हिशोबाने नॉर्मल आकडा कुत्र्यासाठी वाढलेला असू शकतो. त्याच मशीनवरची कुत्र्यांची रेंज मागून घ्या. डॉक्टरांनी तिच्याशी ताडून बघितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आणि हो, सलाइनच्या लावलेल्या सुईतून हे रक्त घेऊ देऊ नका, तिच्यात हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, असू शकतं. या विषावरचा उतारा, व्हिटॅमिन के१, चालू असेल तर ते थांबवल्यावर, शेवटच्या डोसनंतर ४८ तासांनी पीटी पुन्हा करायची.