पाऊण किलोचे गणित

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी शंभरापर्यंतचे आकडे धडाधड म्हणता येत होते. परंतु पाव, अर्धा आणि पाऊण हे शब्द रोज कानावर पडूनही त्यांचा अर्थ तिला लागत नव्हता. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी तिला ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात सोबत नेऊ लागले. पहिली फेरी शनिवारी संध्याकाळी केली, ही माझीच चूक. त्या गर्दीत तिला माणसांच्या पाठींखेरीज काही दिसेना आणि आम्ही कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परतलो. तिची शाळा दुपारची असल्याने पुढे आम्ही मधल्या वारी सकाळी जाऊ लागलो.

यादी तिची, चित्रांची. कांदा कोणता आणि टोमॅटो कोणता, हे केवळ रंगावरून ओळखायचे. जिथे अजून तराजू आहे, अशा एका भाजीवाल्या मावशींकडेच आम्ही मुद्दाम थांबत असू. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 0.250 असा आकडा उमटतो, तो मोठ्यांना पुरतो, पण लहान मुलाला त्यातून काहीच दिसत नाही. लोखंडी वजने मात्र 50, 100, 200, 500 ग्रॅम आणि 1 किलो अशी असतात. त्यांत 250 ग्रॅमचे वजन नसल्यामुळे पाव किलो मागितले की 200 आणि 50 अशी दोन वजने पारड्यात पडतात. हे तिने तिसऱ्या की चौथ्या फेरीला आपणहून टिपले. पुढे पाऊण किलो गाजरे मागितल्यावर त्या दोघांच्या जोडीला 500 चे वजन आले, तेव्हा “पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव” असे तिनेच मावशींना ऐकवले. मावशींनी खूश होऊन वजन उलटे केले आणि तळाच्या शिशावरचा शिक्का तिला दाखवला.

पैशांचे गणित मात्र अजून कच्चे आहे; पन्नासच्या एका नोटेपेक्षा दहाच्या तीन नोटा तिला अधिक वाटतात.

मटार स्वस्त झाले तेव्हा अर्धा किलो शेंगा आणून आम्ही सोलल्या आणि दाणे घरच्या काट्यावर ठेवले. ते पाव किलोही भरले नाहीत. “आई, मावशींनी कमी दिले का गं?” तिने गंभीरपणे विचारले. मी उत्तर दिले नाही, फक्त टरफलांचे ताट तिच्याकडे सरकवले. तिने थोडा वेळ विचार केला आणि टरफलेही काट्यावर ओतली.