इंजिन खाली न घेता

"काका, इंजान उतरवाय लागतंय बघा," असं म्हणून मिस्त्रीनं चिंधीला हात पुसले आणि त्याच चिंधीनं कपाळ पुसलं.

हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'उतरवा' म्हणून बसलो होतो. इंजिन साडेतीन महिने जुन्या टायरवर बसून होतं आणि गाडी रस्त्याकडेला पावसात. शेवटी बसवून दिलं, तेव्हा चार बोल्ट उरले होते. "हे जादाचे आहेत," म्हणून ते माझ्याच हातावर ठेवले. जादाचे! कारखान्यात पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी, जादाचा बोल्ट काय असतो ते मला सांगतात. ते चारही अजून बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत.

म्हणून या वेळी मिस्त्रीला चहा पाजला आणि म्हटलं, इंजिन आहे तिथंच राहील.

गाडी अँबेसिडर, मार्क 4, पेट्रोल. आप्पांनी घेतलेली. इंजिन 1489 सीसीचं, मूळ विलायती बी सिरीजचं. दुखणं असं, की सांगलीहून जवळच्या हरिपूरपर्यंत जाऊन आलं की बोनेटमधून जळक्या तेलाचा वास यायचा आणि सिग्नलला थांबलं की डाव्या बाजूनं धूर. रिक्षावाले हात करून दाखवायचे. तेल गळून सायलेन्सरच्या तापलेल्या पायपावर पडत होतं, एवढं उघड होतं. कुठून गळतंय ते मात्र दिसत नव्हतं, कारण इंजिनची ती बाजू मॅनिफोल्डनं, म्हणजे हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांच्या जुडग्यानं, झाकलेली. शेवटी बायकोचा पावडरचा आरसा घेतला ("अहो, तो माझा आहे"), मोबाइलचा टॉर्च लावला आणि आरसा मॅनिफोल्डच्या खालून आत सरकवला. दिसलं. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दट्ट्यांच्या, बाजूला पत्र्याची दोन झाकणं असतात, त्यातलं मागचं झाकण खालच्या कडेनं ओलं होतं.

या झाकणाला मधोमध एकच बोल्ट असतो. गळायला लागलं की माणूस काय करतो? आवळतो. आणखी गळलं की आणखी आवळतो. पत्रा पातळ, मधे दबतो आणि कडा उचलल्या जातात. म्हणजे जितकं आवळाल तितकं गळणार. आमच्या झाकणाची पार बशी झाली होती.

झाकणापर्यंत पोचायला मॅनिफोल्ड काढायचा. कार्बोरेटर, इनटेक, एक्झॉस्ट, सगळं एकत्र बाहेर येतं. सहा स्टड (एक टोक इंजिनात रुतलेले आट्यांचे दांडे), पितळी नट, खाली जाड वायसर. इथं एक गोष्ट सांगतो. या इंजिनचे आटे इंची आहेत. नटाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे 12.7 मिलिमीटर. 13 नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तेवढ्या 0.3 च्या खेळात पितळेच्या कडा गोल होतात. मग पक्कड, मग छन्नी, मग शिव्या. खालच्या नटांना सरळ पाना पोचत नाही. जुन्या बाजारातून अर्ध्या इंची रिंग पाना घेतला, वेल्डरकडून गॅसवर तापवून वाकवला आणि दांडा निम्मा कापून टाकला. एका वेळी नट अगदी जरासा फिरतो. घाई असलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

पाच नट आले. सहाव्यानं स्टडच सोबत आणला, म्हणजे निम्मा. उरलेला तुकडा हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या ठोकळ्यातून, जेमतेम अर्धं पेर बाहेर.

मिस्त्री काही बोलला नाही. बोलला नाही तेच जास्त लागलं.

ड्रिल मारायचं म्हटलं तर मडगार्डची आतली भिंत आडवी येते, मशीन सरळ धरता येत नाही. तिरकं धरावं तर स्टडचं पोलाद कडक आणि हेडचं बीड मऊ, बिट सरकून हेडमध्येच घुसणार. मग खरंच हेड उतरवा. म्हणून वेल्डरलाच घरी आणला. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडले, पेट्रोलच्या नळीत बोल्ट ठोकून तोंड बंद केलं, वर ओलं गोणपाट टाकलं, बाजूला वाळूची बादली ठेवली. तुकड्यावर मोठ्या भोकाचा नट ठेवला आणि नटाच्या आतून रॉड लावला. पहिला नट नुसताच निघून आला, तुकडा तिथंच. दुसराही. तिसऱ्या वेळी वेल्डरनं पुरतं भरून घेतलं. लाली गेल्यावर मी बुडाला मेणबत्ती टेकवली. मेण पाण्यासारखं वितळलं आणि आट्यांत ओढलं गेलं. पाना लावून आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या दिशेला, परत आवळायच्या. चौथ्या खेपेला 'कर्र' असा बारीक आवाज आला. तो आवाज ऐकून वेल्डरच्या आधी मी हसलो. नवा स्टड कुपवाड एमआयडीसीतल्या टर्नरनं जुना बघून करून दिला.

झाकण सागवानी पाटावर पालथं घालून लाकडी ठोकळ्यानं हळूहळू सपाट केलं आणि काचेवर ठेवून तपासलं. कॉर्कचं पॅकिंग पत्र्यावरून कापलं. आता अडचण अशी, की बसवताना हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. पॅकिंग एका कोपऱ्यात सरकलं तर कळणार कसं? ते आधी झाकणाला चिकटून बसायला हवं. आमचे एक व्याही मिरजेत सतारींना पॉलिश करतात. त्यांनी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून औषधाच्या बाटलीतून दिला. "इंजिनला पॉलिश करताय काय?" म्हणाले. तो ब्रशनं लावला, पॅकिंग ठेवलं, वर खलबत्ता आणि वरवंटा, रात्रभर. सकाळी झाकण आणि कॉर्क एकजीव झाले होते. इंजिनच्या बाजूला लाख लावली नाही, नुसतं ग्रीस. पुढं कधी काढायचं झालं तर निघायला नको का?

बसवलं तेव्हा बोल्टखाली नवा वायसर घातला आणि पाना दांड्याला न धरता तोंडाशी धरून दोन बोटांनी आवळलं. मिस्त्री म्हणाला, "अजून एक वेढा द्या की." दिला नाही.

दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललं. रविवारी चिंचांच्या रस्त्यानं हरिपूरला गेलो, संगमावर थांबलो, बोनेट उघडून नाक आत घातलं. रंग जळाल्याचा वास, तो वेल्डिंगचा. तेलाचा नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर एकच थेंब होता, पार मागं, क्लचच्या घराखाली. या इंजिनला मागच्या बाजूला रबरी ऑइल सील नाहीच, तेल आत परतवायला शाफ्टवर नुसते आटे कोरलेले. तिथला थेंब आप्पांच्या काळापासूनचा आहे. तो राहू दे.

आरसा काही धुऊन निघाला नाही. गणपती पेठेतून नवा आणून दिलाय, आणि जुना आता डब्यात त्या चार बोल्टांसोबत आहे.