मारबतीच्या दिवशी नागपूर: तर्री, गुपचूप आणि चार बाटल्या

पोळ्याच्या दिवशी सकाळी नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा पिशवीत कपड्यांच्या घडीत चार काचेच्या छोट्या बाटल्या होत्या. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत 22 वर्षं काढलेल्या बाईच्या पिशवीत एचटूएस बाटल्या (पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का ते दाखवणाऱ्या) सापडणारच. भाऊ, वहिनी आणि नऊ वर्षांचा भाचा नागपुरात. मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराईला शहराबाहेर काढायला निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायची कैक वर्षांची इच्छा होती आणि खायचंही भरपूर होतं. पावसाळ्यात रस्त्यावरचं खाऊ नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. काय खावं आणि गाडीपाशी उभं राहून काय बघावं, तेवढं सांगते.

पहिला मुक्काम अर्थात तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या आसपास सकाळी गाड्या लागलेल्या असतात, मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशनही जवळ आहे. पोहे वाफेवर झाकलेले, बाजूच्या शेगडीवर हरभऱ्याची तर्री रटरटत असते. वर लाल तेलाचा थर, खालून बुडबुडे. पळीभर तर्री पोह्यांवर पडली की वाफ तोंडावर येते. पोटाच्या दृष्टीने हा पदार्थ सकाळच्या खाण्यात सगळ्यांत भरवशाचा. उकळत्या रश्शात आतड्याचे जंतू तगत नाहीत. झणझणीतपणाने पोटात आग पडेल, पण तिखट वेगळं आणि जंतू वेगळे. बाहेरगावची मंडळी या दोन्हींची नेहमी गल्लत करतात. तिखट सोसत नसेल तर 'तर्री कमी' म्हणा, गाडीवाले लगेच ऐकतात.

धोका असतो तो तर्रीनंतर. पोह्यांवर कच्चा कांदा आणि सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पडतो. तो कधी चिरला, कशात धुतला, त्यावर झाकण आहे का, ते बघावं. मी ज्या गाडीवर खाल्लं तिथे कांदा झाकलेल्या डब्यात होता आणि वाढायला चमचा होता. शेजारच्या गाडीवर प्लेटा एकाच बादलीत बुचकळून त्याच फडक्याने पुसत होते. बादलीतलं पाणी डाळीच्या वरणासारखं झालं होतं. असं पाणी ताटली धुवत नाही, एकाच्या ताटलीवरचं दुसऱ्याच्या ताटलीवर नेतं. अशा ठिकाणी द्रोणात मागावं, नाहीतर पुढच्या गाडीवर जावं. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आलूबोंडा देत असतील तर नको म्हणावं. छपाईची शाई तेलाबरोबर खाण्यात उतरते, म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे.

संध्याकाळी सीताबर्डीला गेलो. पोळ्यामुळे तोबा गर्दी. भाच्याला गुपचूप हवं होतं, म्हणजे आपली पाणीपुरी. गाडी चकाचक, स्टीलचा पत्रा घासून लख्ख, गाडीवाल्याचे कपडे स्वच्छ. पण मी हातावर नजर ठेवली. डाव्या हातात पुरी, उजव्या अंगठ्याने तिला भोक, त्याच हाताने बटाटा कुस्करून आत, मग पुरी धरून हात मनगटापर्यंत पाण्यात. पुढच्या गिऱ्हाइकाच्या नोटा त्याच हाताने गल्ल्यात. पुन्हा पुरी, पुन्हा पाणी. उजव्या हाताच्या तर्जनीला जुनी चिकटपट्टी होती, कडा उचकटलेल्या, काळपट. दहा मिनिटांत ती पट्टी निदान चाळीस वेळा त्या पाण्यात गेली. मी भाच्याला सुकी पुरी दिली. तो फुरंगटला, पण माझ्याकडे इलाज नव्हता.

चिंच-पुदिन्याचं पाणी आंबट असतं, म्हणून काही जंतूंची वाढ त्यात मंदावते, पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. त्यात बर्फ घातलेला असेल तर आणखी एक प्रश्न येतो. गोठल्याने जंतू मरत नाहीत, बरेचसे निपचित पडून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम आपल्या राज्यात 2018 पासून आहे. निळसर लादी दिसली तर त्या गाडीवरचा गोळा, ऊसाचा रस, सरबत सगळंच टाळा. लादी पांढरी असली तरी ती पोत्यात गुंडाळून फुटपाथवर ठेवली असेल तर माझं उत्तर तेच.

त्या गाडीवाल्याला मी विनंती केली, चटणी कालवायच्या आधीचं ड्रममधलं साधं पाणी थोडं द्याल का? गुपचूपचं तयार पाणी या बाटलीत भरून उपयोग नसतो, कारण काळ्या मिठात मुळातच गंधकाचा अंश असतो आणि निकाल फसवा येतो. तो जरा बावरला, पण दिलं. "पानी तं नळाचंच हाय ना जी," तो म्हणाला. दुसरी बाटली मी सकाळीच पोह्याच्या गाडीवरच्या पाण्याने भरली होती. तिसरी घरच्या नळाची, चौथी घरी उकळून गार केलेल्या पाण्याची. 1982 साली भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत आज गावोगाव वापरतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, खोलीच्या उबेत ठेवून द्यायचं. विष्ठेतून आलेले जंतू असतील तर ते गंधकाचा वायू सोडतात, बाटलीतल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. 24 ते 48 तास वाट बघायची. चारही बाटल्या वहिनीच्या देवघराशेजारच्या फळीवर रांगेने ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मारबत. इतवारी आणि महालच्या गल्ल्यांत सकाळपासून पाय ठेवायला जागा नसते. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरून पायी जा, गाडी अजिबात आणू नका. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. दोघी समोरासमोर आल्या की जो गलका होतो त्याने अंगावर काटा येतो. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" माझ्या कामामुळे असेल, मला तिथे उभी असताना एक गोष्ट आठवली. 1885 सालीच थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून एका जंतूचं वर्णन केलं. आज त्यालाच आपण ई. कोलाय म्हणतो. नागपूरच्या बायाबापड्या रोगराईला शहराबाहेर जा म्हणत होत्या, त्याच वर्षी कुणी तरी तिला सूक्ष्मदर्शकाखाली बघत होतं.

गर्दीत मी कुणालाही बाहेरचं काही खाऊ दिलं नाही. वहिनीने आदल्या रात्री केलेला गोळाभात डब्यात होता, तो आम्ही एकच्या सुमारास एका ओसरीवर बसून खाल्ला. भाच्याने सगळ्यांत जास्त खाल्ला. चारच्या सुमाराला त्याला उलट्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन. ताप नाही, जुलाब नाहीत, नुसत्या उलट्या आणि पोटात कळ.

वहिनी घाबरली. "माय, कालच्या गुपचूपनंच झालं असन वो!" ती म्हणाली. पण त्याने तर सुकी पुरी खाल्ली होती. मी घड्याळ बघितलं. दूषित पाण्यातल्या जंतूंना पोटात वाढायला सहसा अर्ध्या दिवसापासून काही दिवस लागतात, आणि मग ताप, जुलाब येतात. जेवल्यावर एक ते सहा तासांत नुसत्या उलट्या झाल्या तर बहुतेक वेळा जंतूंनी आधीच अन्नात सोडलेलं विष कारण असतं. भात म्हटलं की बॅसिलस सेरियस हा जंतू डोळ्यांसमोर येतो. त्याचे बीजाणू (टणक कवचातलं निपचित रूप) भात शिजवल्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आमचा भात रात्री दहाला झाला, पातेल्यात ओट्यावर राहिला, सकाळी डब्यात भरला. दमट हवेत पंधरा तास! जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात असं धरलं तर सात तासांत एकाचे वीस लाखांवर जातात. तपासणी केली नसल्याने शपथेवर सांगता येणार नाही, पण माझा संशय आमच्या डब्यावरच आहे. वहिनीला हे सांगताना जीभ जड झाली. तिने ते पोरासाठी प्रेमाने केलं होतं, आणि डबा भरताना मी शेजारीच उभी होते.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण प्रवासात हे कुणावरही येऊ शकतं. उलटीनंतर दहा मिनिटं काही दिलं नाही. मग ओआरएस चमच्या-चमच्याने, दर दोन मिनिटांनी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा. रात्री दहाला भाचा मुगाची खिचडी मागत होता. शौचातून रक्त, अंगात जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, घोटभर पाणीही टिकत नाही, यांतलं एकही दिसलं तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि उरलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. लहान मुलांना तर अजिबात नको.

त्या गडबडीत बाटल्यांकडे रात्री उशिरा लक्ष गेलं. नळाची, उकळलेली आणि पोह्याच्या गाडीवरची, तिन्ही जशीच्या तशी. गुपचूपच्या ड्रमची बाटली शाईसारखी काळी.

तिसऱ्या दिवशी दुपारी सावजी जेवलो. मसाल्याचा काळा रस्सा, मटण, भाकरी. रस्सा चुलीवरून थेट ताटात आला तर निर्धास्त जेवा. पण मोठ्या भगोन्यातला रस्सा हळूहळू निवतो, आणि दुपारचा उरलेला संध्याकाळी नुसता कोमट करून वाढला तर मटणाच्या रश्शातही बीजाणूवाले जंतू माजतात. जेवणाची वेळ सुरू होते तेव्हाच जावं. अन्न 60 अंशांच्या वर असावं किंवा 5 अंशांच्या खाली, मधला पट्टा जंतूंचा.

गाडीला वेळ होता म्हणून काळी बाटली घेऊन सीताबर्डीला परत गेले. गिऱ्हाईक नसताना बाजूला बोलावून दाखवली, चारचौघांत नाही. तो बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. "नळाचं पाणी असं कसं झालं?" मी ड्रमकडे बोट केलं: वर झाकण नाही, आत दांडी नसलेला मग, काढताना बोटं बुडतात. तोटीचा ड्रम घ्या, लांब दांडीची पळी वापरा, पैसे घ्यायला दुसरा माणूस ठेवा, बोट बरं होईपर्यंत हातमोजा घाला आणि तो दर थोड्या वेळाने बदला. तोटीच्या ड्रमला किती पैसे पडतील, एवढंच त्याने विचारलं. शेजारच्या चहावाल्याने दुकानही सांगितलं.

बाटल्या कुणाला वापरायच्या असतील तर एक लक्षात ठेवा: काळी झालेली बाटली तशीच कचऱ्यात टाकू नका, मुलांच्या हाती तर लागूच देऊ नका. मी भावाच्या घरी परत येऊन तिच्यात ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी ओतलं, तासभर ठेवलं, मग संडासात रिकामी केली, हात साबणाने धुतले आणि स्टेशनला निघाले.