गेजवरचा आकडा

गाडी आत घेतानाच मागचा भाग डोलताना दिसला. मालक उतरून म्हणाले, "दादा, सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच टायर बसवलेत. वळणावर गाडी मागून लचकते." घरची सात माणसं आणि टपावर सामान.

मागच्या टायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता. गेजवर हवा ३९ पीएसआय (दाबाचं एकक) आली. गार टायरला ती ३५ असणार, म्हणजे दारावरच्या, किती हवा भरायची ते सांगणाऱ्या कंपनीच्या स्टिकरप्रमाणे अगदी बरोबर. घोटाळा तिथेच होता.

गाडीचे मूळ टायर पी२४५/७५आर१६; यातलं 'पी' म्हणजे प्रवासी गाडीचा टायर. कच्च्या रस्त्यासाठी दणकट हवेत म्हणून त्यांनी त्याच मापाचे एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर मागितले. मी बसवले, ४८ची हवा भरली आणि तोंडी सांगितलं. नुसतं तोंडी. पुढे हवा भरणाऱ्या कुणीतरी स्टिकर वाचून ती ३५वर आणली. त्याचं काय चुकलं? डॅशबोर्डवरचा हवा कमी झाल्याचा दिवाही लागला नाही, कारण तो मूळ टायरच्या हिशोबाने लावलेला.

टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवला, तर रबराचा काळा चुरा हाताला लागला. बाजूच्या भिंतीवर आतून गोल सुरकुती पडलेली. बाहेरून टायर नवाकोरा! माझ्या पोटात गोळा आला.

मग त्यांना वहीत मांडून दाखवलं. गाडीचं वजन टायरमधली हवा पेलते. एलटीची बांधणी जाड, पण त्याची ताकद ८० पीएसआयपर्यंतच्या हवेत असते. ३५ला हाच एलटी साधारण ७७० किलो पेलतो. पी टायर ३५ला १०३० पेलतो. तो अशा एसयूव्हीला लावताना सुरक्षेसाठी १.१ने भागायचं, तरी ९३६ उरतात. एलटीकडून तेवढं काम हवं, तर हवा ४८च्या आसपास लागते.

शेजारच्या वजनकाट्यावर गाडी तशीच भरलेली नेली. मागचा अ‍ॅक्सल १६२० किलो, म्हणजे चाकामागे ८१०. मूळ टायरने हे सहज पेललं असतं. एलटी प्रत्येक किलोमीटरला दबून, वाकून तापत होता.

"मग आता कोणते घालू?" त्यांनी विचारलं. मी विचारलं, ट्रेलर ओढता? रोज जड माल? अणकुचीदार दगडांतून जाता? तिन्हीला नाही. कच्चा रस्ता वर्षातून दोनदा. त्यासाठी वर्षभर जड चाकं, जास्त धक्के आणि जास्त इंधन सोसण्यात अर्थ नव्हता. चारही पी टायर घातले. मागचे दोन एलटी कापून टाकले, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून.

आता एलटी बसवला की नवा आकडा स्टिकरशेजारी लिहून चिकटवतो. त्याच संध्याकाळी वहीतून जुने एलटी घेतलेले ग्राहक शोधले आणि एकेकाला फोन करून बोलावलं. आणखी तीन गाड्यांत ३५च निघाली.