हिंगणघाटहून सिस्सूला गाडीनं: बर्फासाठी टायर कोणते न्यावेत

जामच्या चौरस्त्यावरून जाणारा आपला हायवे ४४ खाली कन्याकुमारीला जातो आणि वर श्रीनगरला. समुद्रपूर, हिंगणघाटकडची बरीच कुटुंबं हल्ली कापसाचा मोठा वेचा आटोपला की स्वतःच्या गाडीनं बर्फ पाहायला मनालीकडे निघतात. आम्हीही जानेवारीत जाऊन आलो. मी, बायको, मुलगी आणि धाकटा भाऊ. परत आल्यापासून पाहुण्यांपासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "टायर कोणते टाकले होते?" म्हणून वाटेचं वर्णन थोडं आणि टायरचं जास्त लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो. आपल्या भागातून जाणाऱ्यानं खास स्नो टायर घेऊ नयेत. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-सीझन (बारमाही) किंवा ऑल-टेरेन (रस्ता आणि शेत, दोन्हीकडे चालणारे) टायर चारही चाकांना घ्यावेत आणि डिकीत चाकांना बांधायच्या बर्फाच्या चेन ठेवाव्यात. टायर बदलायला झालेच नसतील आणि नक्षी भरपूर असेल, तर आहेत तेच टायर आणि चेन, एवढ्यावरही मनाली होतं. फक्त मग ताज्या बर्फात पुढे जायचा हट्ट धरायचा नाही.

कारण साधं आहे. हिंगणघाट ते मनाली साधारण १७०० किलोमीटर. त्यात बर्फाचा रस्ता लागलाच तर मनालीच्या पुढे, बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंतचा चाळीसेक किलोमीटरचा, आणि त्यातही ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा आतून कोरडा. बाकी सगळा डांबर आणि सिमेंटचा रस्ता. नागपूर, सिवनी, सागरपर्यंत दुपारी ऊन चांगलंच लागतं.

टायरचं रबर तापमान पाहून वागतं. आपल्या गाड्यांना कंपनीतून येणारे टायर उष्ण हवेसाठी बनवलेले असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होत जातं आणि पकड कमी होते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. स्नो टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त असतं, म्हणून ते गोठणबिंदूखालीही मऊ राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. त्या चिरांत आणि खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाची बर्फावर पकड येते. हेच मऊ रबर आपल्या दुपारच्या सिमेंट रोडवर भराभर झिजतं, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते आणि वळणावर डगमगते. परत आल्यावर मे महिना आहेच. पंचेचाळीस अंशांत त्या टायरवर वर्ध्याला जायची माझी तयारी नाही, तुमचीही नसावी.

माझा मामेभाऊ फौजेत आहे, त्याची गाडी काश्मीरमध्येच असते. त्याच्याकडे स्नो टायरचा वेगळा संच आहे, नोव्हेंबरअखेर चढवतो आणि मार्चमध्ये उतरवतो. त्याच्यासाठी तेच बरोबर आहे, कारण तो चार महिने त्या थंडीत राहतो. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो.

आता खरेदीचं. हिंगणघाटला दुकानदारानं टायरच्या कडेवरची 'एम+एस' ही अक्षरं दाखवली. "पाहा ना भाऊ, चिखल आन् बर्फ, दोन्हीचाच आहे हा. अजून काय पाह्यजे?" तो खोटं बोलत नव्हता, पण एवढ्यावर जाऊ नका. एम+एस हे नक्षीच्या ठेवणीवरून लिहिलेलं असतं, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. खात्रीचं चिन्ह वेगळं आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ते चिन्ह बर्फावरच्या पकडीची चाचणी पार केल्यावरच मिळतं. गुडघ्यावर बसून मोबाईलचा टॉर्च मारा आणि ते चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आम्हाला तसे टायर नागपूरला ऑर्डर देऊन मागवावे लागले, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी शोधायला लागा.

कडेवरच 'डीओटी'नं सुरू होणारी ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२५ लिहिलं असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आपल्या उन्हात दुकानाबाहेर रचून ठेवलेला तीन-चार वर्षं जुना टायर नक्षीनं कोरा दिसतो, पण रबर म्हातारं झालेलं असतं. असा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आम्ही ऑल-टेरेन घेतला, त्याला आणखी एक कारण आहे. आमची गाडी वर्षभर पांदणीनं शेतात जाते. पऱ्हाटी कापल्यावर आणि तूर सोंगल्यावर जे खुंट उरतात, ते तिरपे कापलेले असतात आणि साध्या टायरच्या कडेत सरळ घुसतात. कडेचं पंक्चर नीट बनत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. ऑल-टेरेनची कड जाड असते. म्हणजे खर्च फक्त बर्फासाठी झाला नाही. आवाज मात्र जास्त येतो आणि मायलेज थोडं पडतं. आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीत हाही टायर चालत नाही. खाचा चिखलानं भरल्या की सगळे टायर सारखेच, त्यामुळे त्या आशेनं कुणी घेऊ नका. तुमची गाडी फक्त गाव ते तालुका अशी डांबरी रस्त्यानंच फिरत असेल, तर हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-सीझन बरा. तो शांत आणि हलका असतो.

नक्षीच्या खोलीबद्दल एक आकडा ध्यानात ठेवा. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण बर्फासाठी किमान ४ मिलिमीटर हवी. त्याखाली बर्फ धरायला खाचच उरत नाही. नवे टायर पुढच्या दोन चाकांना आणि जुने मागे, असं कधीच करू नका. उतारावर पुढची चाकं धरतात आणि मागचा भाग फिरून समोर येतो. टाकायचे तर चारही.

वाटेचं थोडक्यात. पहाटे निघून नागपूर बाहेरून टाळलं. मनसर ओलांडल्यावर पेंचच्या जंगलात हायवे उंच खांबांवर जातो, खालून जनावरांना वाट ठेवली आहे, तिथे कुणी थांबू नये. पुढे सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, सागर, ललितपूर करत झाशीला मुक्काम. रस्ता उत्तम. ग्वाल्हेरनंतर खरा हिवाळा सुरू होतो आणि तो बर्फाचा नसून धुक्याचा असतो. आग्रा ते अंबाला या पट्ट्यात जानेवारीत सकाळी नऊपर्यंत समोरच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त भीती इथे वाटली, मनालीजवळच्या सोलंगच्या बर्फात नाही. धुक्यावर कोणताही टायर उपाय नाही. दहा वाजेपर्यंत हॉटेलातच थांबा, पोरांना पराठे खाऊ द्या, ऊन पडलं की निघा.

हवेचं गणित अंबाल्यालाच येतं, डोंगरात नाही, आणि हे फार लोकांना ठाऊक नसतं. टायरमधली हवा थंड झाली की दाब उतरतो, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवा भरताना गेजवर दिसतो तो आकडा). दुपारी तीस अंशांत हिंगणघाटला ३३ भरलेली हवा अंबाल्याच्या पाच अंशांच्या पहाटे २९ च्या आसपास दिसते. आमच्या गाडीचा टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा तिथेच लागला आणि भावाला वाटलं पंक्चर झालं. पंक्चर नव्हतं, चारही टायर सारखेच उतरले होते. एकच टायर उतरलेला असेल तरच पंक्चर शोधा. सकाळी गाडी थंड असतानाच कंपनीच्या आकड्याइतकी हवा भरून घ्या. पुढे चढ लागला की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे थंडी वाढूनही गेजवरचा आकडा खाली येत नाही, उलट मनालीत एखाद-दोन पीएसआय जास्तच दिसतो. तिथे पुन्हा पुन्हा भरत बसू नका. नायट्रोजन भरला तरी हे गणित तेच राहतं.

किरतपूरहून मंडी, पंडोह, औट, कुल्लू असा रस्ता. मंडीच्या पुढे डिझेलवाल्यांनी टाकीत तिथलंच डिझेल भरावं. कडाक्याच्या थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं डिझेलमधलं मेण थिजतं आणि फिल्टर तुंबतो. थंड भागातल्या काही पंपांवर हिवाळ्यात त्या हवेला सोसणारं डिझेल येतं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे, ती निघण्याआधी मोडा. सगळं काढून कूलंट निम्मं आणि शुद्ध पाणी निम्मं भरून घ्या. साधं पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिन फोडतं.

मनालीत पोचल्याच्या दुसऱ्या रात्री बर्फ पडला. सकाळी सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडत होते. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून चेन पुढच्या चाकांना. चेन कशी लावायची हे आम्ही घरच्या अंगणात शिकून गेलो होतो, त्याचा मोठा उपयोग झाला. हातमोज्यात बोटं चालत नाहीत आणि मोजे काढले की मिनिटभरात बोटं बधिर होतात. चेन टायरच्या मागे पसरायची, आतली कडी आधी अडकवायची, मग बाहेरची, मग गाडी चार हात पुढे घेऊन पुन्हा ताणायची. दुसऱ्यांदा ताणणं विसरलं तर सैल चेन मडगार्डवर आपटत राहते. वेग तीसच्या आत ठेवायचा. रस्ता उघडा लागला की चेन काढायची, बोगद्यातही ती चालवायची नाही. चेन तिथे भाड्यानं मिळते, पण बर्फ पडलेल्या सकाळी भाव चढतो आणि आपल्या मापाची मिळेलच असं नाही. कडेवरचं माप, उदाहरणार्थ २१५/६० आर १६, पाहून ती घरूनच नेलेली बरी.

चेन लावण्याआधी, एका मोकळ्या सपाट जागी, मी चारही नव्या टायरांवर गाडी चालवून पाहिली. दाबलेल्या बर्फावर ती शांतपणे उठली. वीसच्या वेगात ब्रेक मारला तेव्हा एबीएस, म्हणजे ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली थरथरलं आणि गाडी सरळ रेषेत, थोडी घसरत, थांबली. थोड्या वेळानं एक भलीमोठी फोर बाय फोर गाडी आमच्या शेजारून सहज वर गेली आणि उतारावर तितक्याच सहज तिरपी होऊन कडेच्या बर्फात रुतली. तिचे टायर साधे रस्त्याचे होते. चारही चाकांना ताकद मिळते ती पुढे जायला. थांबायला शेवटी टायरच लागतो.

बोगदा ओलांडून सिस्सूला पोचलो. चंद्रा नदी मधोमध सोडून दोन्ही काठ गोठलेले. इथे खरा धोका काळ्या बर्फाचा. डोंगराचं पाणी रस्त्यावर झिरपतं, सावलीत गोठतं आणि ओल्या डांबरासारखं दिसतं. त्यावर ना ऑल-टेरेन चालत, ना स्नो टायर. सावलीचं वळण आलं की आधीच दुसरा गिअर, वळणात ब्रेक नाही, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. आणि दुपारी तीनच्या आत परत बोगद्याकडे, कारण ऊन गेलं की दिवसभर वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं. मुलगी अजून खेळायचं म्हणत होती, पण आम्ही निघालो.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल असेल तर तो गोठून धरून बसतो. सपाट जागा पाहून पहिल्या गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड द्या. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. वायपर रात्री उचलून ठेवा.

घरी परतल्यावर अंबाल्याला थंडीत भरलेली हवा इकडच्या उन्हात ३६-३७ वर जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, ती पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणा. स्टेपनीही तपासा. चेन धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून गोणपाटात बांधून ठेवा. आमची चेन आता घरी आहे. गाडीच्या टायरचं माप २१५/६० आर १६ असलेलं आपल्या भागातलं कुणी पुढच्या हिवाळ्यात निघणार असेल तर घेऊन जावी, अंगणात लावून दाखवीन.