लॅप स्टीलवर ‘होम ऑन द रेंज’

सध्या लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) ‘होम ऑन द रेंज’ हे जुनं अमेरिकी गाणं बसवतेय. कॅन्ससमधल्या ब्रूस्टर हिग्ली या डॉक्टरांनी 1870च्या दशकात लिहिलेली ही कविता. डॅनियल केली यांनी चाल लावली आणि काउबॉय मंडळींनी ती आपलीशी केली. 1947पासून ते कॅन्ससचं राज्यगीत आहे.

तीन मात्रांचा संथ ठेका, त्यामुळे गाणं सोपं वाटतं. माझं ट्यूनिंग सी सिक्स्थ, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की त्याच नावाची कॉर्ड वाजते; पाचव्या पडद्यावर बार (तारांवर सरकवायची पोलादी कांडी) आडवा ठेवला की एफची कॉर्ड, सातव्यावर जीची. खरी कसोटी ध्रुवपदात. पहिला ‘होम’ पंचमावर लांबवायचा, मग घसरत खाली उतरायचं. बार पडद्याच्या अगदी बरोबर वर हवा. केसभर मागे राहिला की सूर उतरलाच. बारामागची बोटं तारांवर अलगद टेकवायची, नाहीतर खरखर येते.

आणि कंप लगेच नाही द्यायचा! आधी सूर लागू दे, मग मनगट हलव. बरेच वादक पहिल्यापासूनच थरथरवतात, ते मला अजिबात पटत नाही. मींड ऐकत वाढलेल्या कानाला आधी स्थिर सूर हवा असतो.

आता दुसरं कडवं बाराव्या पडद्याजवळ वाजवून बघतेय. तिथे पडदे जवळजवळ, म्हणून लय बरीच कमी ठेवते. पण आवाज काय गोड येतो!