बाबांच्या फोनचं शून्य

मृगाच्या पहिल्या पावसात गावात कुठंतरी जवळच वीज पडली. सकाळी पाहिलं तर इंटरनेट व्यवस्थित सुरू, पण बाबांचा फोन मुका. फायबरच्या डब्यावर फोनचा हिरवा दिवा लागलेला, रिसीव्हर कानाला लावला की काहीच नाही. डायलटोनही नाही.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, घराला लागूनच कृषी केंद्र. हा नंबर १९९६ पासूनचा आहे. ०७१५३ आणि पुढे सहा आकडे. कपाशीच्या बियाण्याची बॅग कोणती आली, युरिया आला का, हे विचारायला आजही आजूबाजूच्या चार-पाच गावांतले म्हातारे लोक याच नंबरवर फोन करतात. बाबा ८१ वर्षांचे. जन्मभर डवरा-वखर धरलेली बोटं. मोबाइलच्या काचेवर ती फिरवली तरी काच काही दाद देत नाही. त्यांना बटणाचा फोनच लागतो, आणि तो मागच्या घरात त्यांच्या खाटेशी लागतो.

लाइनवाला मुलगा आला. पाहून म्हणाला, "ताई, याचं फोनचं पोर्ट जळलं. पूरा डबाच बदलावा लागते. साडेतीन हजार."

मी म्हटलं, इंटरनेट तर चालून राहिलं ना? मग फोनपुरता वेगळा डबा मी माझा लावते, तुम्ही मला एसआयपीचा, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या खात्याचा, नंबर आणि पासवर्ड द्या.

"पासवर्ड कोणालेच देत नाही, ताई."

हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. नंबर आमच्या नावावर, बिल आम्ही भरतो, लाइन त्यांचीच वापरतो. त्या लाइनीच्या टोकाला कोणतं यंत्र लावायचं हे घरच्या माणसाला का ठरवता येऊ नये? जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे: ग्राहकाला स्वतःचा राउटर लावता येतो आणि फोनच्या खात्याचे तपशील कंपनीने ग्राहकाला द्यायलाच हवेत. मी तालुक्याच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा एक वयस्क साहेब भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लेखी अर्ज घेऊन एका कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या: नंबर, पासवर्ड, डोमेन (कंपनीच्या फोनसेवेचं नाव), प्रॉक्सीचा (फोन ज्यातून जातात त्या सर्व्हरचा) पत्ता आणि फोनचा व्हीलॅन (त्याच लाइनीतला फोनपुरता वेगळा रस्ता). तुम्ही अशा खटपटीत असाल तर या पाचही एकदम मागा. एक जरी सुटली तरी पुन्हा एसटी पकडावी लागते.

साधा फोन इंटरनेटवर चालवणाऱ्या छोट्या डब्याला एटीए म्हणतात. मी ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ मागवला. घेताना त्यावर एफएक्सएस पोर्ट आहे हे पाहून घ्या. फोनला डायलटोन आणि घंटी देतं ते एफएक्सएस. एफएक्सओ हे बाहेरून आलेली लाइन आत घेण्यासाठी असतं, त्यात आपला फोन लावून उपयोग नाही. स्पीडची मात्र काळजी करू नका. एका कॉलला एका बाजूने शंभर केबीपीएससुद्धा लागत नाही.

डबा जोडायच्या आधी मी एक काम केलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. भिंतीवरची जुनी रोझेट, म्हणजे फोनच्या तारा जोडायची छोटी डबी, उघडली. आत दोन स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूखाली दोन-दोन तारा पिळलेल्या. एक जोडी मागच्या घरात बाबांच्या फोनकडे जाणारी. दुसरी, काळी, खिडकीच्या भोकातून बाहेर थेट खांबावर! फायबर आलं तेव्हा खांबावरची जुनी तांब्याची तार कोणी सोडवलीच नव्हती. फायबर म्हणजे काच, काचेतून वीज येत नाही. ही तार मात्र पावसाळ्यात विजेचा झटका उचलायला मोकळी लोंबकळत होती. पोर्ट त्यानेच जळलं असणार. मी ती जोडी कापली, टोकं हिरवी पडली होती. बाहेरची उरलेली तार लाइनवाल्या मुलाकडून खांबावरून काढून घेतली. ज्यांच्या घरी तांब्यावरून फायबर आलं असेल त्यांनी आजच्या आज रोझेट उघडून पाहावी.

आता जोडणी. आमच्याकडे फायबरच्या एकाच धाग्यातून इंटरनेट आणि फोन असे दोन वेगळे रस्ते येतात, आणि कंपनीचा फोनचा सर्व्हर इंटरनेटच्या रस्त्यावरून दिसतच नाही. म्हणून मोठ्या, फायबरच्या डब्याचं चौथं लॅन पोर्ट फोनच्या व्हीलॅनला बांधून घ्यावं लागलं. ते लाइनवाल्या मुलानेच करून दिलं, आणि मन लावून करून दिलं. तरी रात्री साडेनऊपर्यंत एटीएची कंपनीच्या सर्व्हरवर नोंदणी होईना, सारखा ४०३ (परवानगी नाही) येत होता. शेवटी कळलं की नंबरातलं सुरुवातीचं शून्य काढून त्याजागी +९१ लावायचं, आणि ऑथेंटिकेशनच्या रकान्यात त्यापुढे @ देऊन डोमेनही लिहायचं. तसं केलं आणि दिवा स्थिर झाला. माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. मागच्या घरातून घंटी ऐकू आली आणि पाठोपाठ बाबांचा आवाज, "कोन बोलून राहिलं?"

खरं समाधान पुढच्या दोन दिवसांत मिळालं.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. बाबांना सगळे नंबर पाठ आहेत, माझ्या आत्याचा, सोयाबीन नेणाऱ्या गाडीवाल्याचा, डॉक्टरांचा. पण पाठ आहेत ते दहा आकडे. दर वेळी दहा आकडे दाबायचे, पलीकडून बाई सांगायची की शून्य लावा, मग रिसीव्हर ठेवून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा बोट चुकायचं. मग फोन बाजूला सारून गप्प बसायचे. आत्याला फोन करणं त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं, आणि मला वाटत होतं की वयानुसार बोलणं कमी झालं असेल.

एटीएमध्ये डायल प्लॅन नावाची एक ओळ असते. त्यात मी लिहिलं: ६ ते ९ यांपैकी आकड्याने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की त्याच्या आधी शून्य आपणच लाव. ११२ आणि १०८ दाबलं की वाट न पाहता लगेच सोड. त्याच पानांमध्ये आवाजाचीही सोय होती, ऐकू येणारा आवाज ६ डेसिबलने वाढवला, कारण बाबांचा डावा कान गेलेला आहे. कंपनीच्या डब्यात हे असेलही, पण ती पानं आमच्यासाठी कुलूपबंदच होती.

त्या संध्याकाळी बाबांनी आत्याचे दहा आकडे दाबले आणि घंटी गेली. पाऊण तास बोलत होते. पुलगावकडे पाऊस किती झाला, पेरणी साधली का, कोणाकडे लग्न निघालं. अधूनमधून रिसीव्हर लांब धरून माझ्याकडे पाहायचे, आवाज मोठा येतो म्हणून.

एक उणीव राहते ती विजेची. तांब्याच्या लाइनीत एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरला ते नाही. मोठा डबा १२ व्होल्टवर चालतो, एटीए ५ व्होल्टवर, म्हणून दोन्ही व्होल्टेज देणारा एक मिनी यूपीएस लावला. आमच्याकडे तो तीन तास काढतो. लाइट त्याहून जास्त वेळ जाते तेव्हा फोनही जातो, आणि यावर अजून मला उपाय सापडलेला नाही. आभाळ गरजायला लागलं की बाबा स्वतःच आवाज देतात, मग मी दोन्ही अडॅप्टर आणि मागच्या घराकडे जाणारी तार काढून ठेवते.

साहेबांनी दिलेला कागद उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानाला डकवला आहे. खाली बाबांनी पेनाने लिहून ठेवलं आहे, "फोनचा कागद. फाडू नये."